पेठचा उठाव आणि लष्करी इतिहासाच्या ग्रंथांची निवड

लष्करी इतिहासाचा ग्रंथ निवडताना लेखकाचा अधिकार पाहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. ग्रंथ सर्वथा प्रमाणभूत असूनही हाती घेतलेल्या प्रश्नापुरता मुका राहू शकतो. नाशिक जिल्ह्यातील पेठ येथे १८५७ च्या डिसेंबरात झालेला उठाव हे याचे बोलके उदाहरण होय.

पेठ हे सह्याद्रीच्या डोंगराळ मुलखातील छोटे संस्थान. १८७८ मध्ये बेगमेच्या निधनानंतर ते खालसा झाले. १८५७ च्या अखेरीस येथील कोळ्यांनी शस्त्र उचलले, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि उठावाचे पुढारी म्हणून भगवंतराव यांस फाशी देण्यात आली. तत्पूर्वी ऑक्टोबरात सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक यांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा अधिकारी मारला गेला होता.

या घटनांचा अभ्यासक प्रथम के व मॅलेसन यांच्या बृहद्ग्रंथाकडे वळेल. तथापि त्या ग्रंथाचा भर दिल्ली, कानपूर, लखनौ येथील शिपायांच्या युद्धावर आहे. दुसरे साधन म्हणजे १८८३ चे नाशिक जिल्हा गॅझेटियर. स्थळ, काळ व व्यक्ती यांच्या तपशिलासाठी त्याला पर्याय नाही. मात्र तो तपशील बंदोबस्त करणाऱ्यांच्या कागदांतून आलेला आहे, हे विसरता येत नाही. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेले सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांचे ग्रंथ मुख्यतः एका वादाची चर्चा करतात : हा उठाव राष्ट्रीय होता काय? पेठच्या कोळ्याने शस्त्र का उचलले, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. त्यासाठी रणजित गुहा यांचा १९८३ चा शेतकरी-उठावांवरील ग्रंथ अधिक उपयोगी पडतो. सरकारी कागदातूनच बंडखोराची जाणीव कशी वाचावी, याची पद्धत तो दाखवितो.

निवडीची खरी कसोटी मात्र एका अडचणीच्या वस्तुस्थितीने लागते. भिल्लांच्या बंदोबस्तासाठी कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली कोळ्यांचेच एक पथक याच काळात उभारण्यात आले आणि १८६१ मध्ये ते मोडण्यात आले. म्हणजे एकाच समाजातील काही माणसे सरकारविरुद्ध लढली, तर काही सरकारच्या पगारावर. 'राजनिष्ठ' आणि 'बंडखोर' अशी सरळ विभागणी करणारा ग्रंथ, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, येथे निरुत्तर होतो. भरती, पगार, जमीन, सावकारी आणि जंगलातील वाटांचे ज्ञान यांचा विचार करणारा ग्रंथच या कोड्याला हात घालू शकतो.

म्हणून ग्रंथ हाती घेताना तीन गोष्टी तपासाव्यात : तो कोणाच्या कागदांवर उभा आहे, त्याचा मूळ प्रश्न कोणता, आणि मोठ्या सैन्यांच्या हालचालींपलीकडे, लढणाऱ्या सामान्य माणसापर्यंत तो पोहोचतो काय. या तिन्ही कसोट्यांस एकच ग्रंथ क्वचितच उतरतो. अशा वेळी श्रेष्ठ ग्रंथाचा शोध घेण्यापेक्षा परस्परांच्या उणिवा उघड करणारे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचणे अधिक फलदायी ठरते. पेठचा भगवंतराव गॅझेटियरात गुन्हेगार म्हणून येतो. त्याच्याबरोबर गेलेल्या माणसांना त्याच्यात काय दिसले, हे त्या पानांवर शोधूनच काढावे लागते.