सीताफळ-दूध : घरगुती मिक्सरमधील मंथ

प्रस्तुत लेखाचा विषय काही वैद्यबंधूंना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मिल्कशेक ही हॉटेलातील वस्तू. तिचा आणि आपल्या चिकित्सालयाचा संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक होय. परंतु आज खेड्यातील घरोघरीही मिक्सर आहे. शरद ऋतूत रुग्णाची नातलग स्त्री औषधाची पुडी हातात घेतल्यावर उंबरठ्यावरून मागे वळून विचारते, “डॉक्टरसाहेब, लेकराला सीताफळाचं दूध दिलं तर चालंल का?” या प्रश्नाला आपल्यापैकी निम्मे जण “अजिबात नको, विरुद्धाहार आहे” असे म्हणतात आणि उरलेले “द्या, पौष्टिक असते” असे सांगून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पेय कसे केले, किती घेतले, कोणी व कोणत्या ऋतूत घेतले, हे विचारल्याशिवाय दिलेला सल्ला हा वैद्याचा सल्ला नव्हे.

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील परळी–लातूर रोड लोहमार्गावरचे गाव. परिसर बालाघाटच्या डोंगररांगेचा. माथ्यावरील मुरमाड, हलकी जमीन आणि बेताचा पाऊस सीताफळाला मानवतो. पावसाळा ओसरला की डोंगराकडच्या वाड्या-तांड्यांवरील स्त्रिया पाट्या भरून फळ बाजारात आणतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाई येथे कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र असून ‘धारूर-६’ हा वाण तेथूनच आलेला आहे. अलीकडे बार्शी तालुक्यातील गोरमाळ्याचा, गर जास्त व बिया कमी असलेला ‘एनएमके-१’ वाणही बागांतून दिसतो. फळ मुबलक, दूध घरचे आणि मिक्सर हाताशी, अशा स्थितीत केवळ निषेध करून लोक थांबतील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात दुधाशी विरुद्ध अशा फळांची दीर्घ यादी दिली आहे. तीत आंबा, महाळुंग, करवंद, बोर, जांभूळ, कवठ, चिंच, डाळिंब, आवळा यांच्यासह केळे, फणस, नारळ हीही फळे आली आहेत आणि शेवटी सर्वच आंबट द्रव व अद्रव पदार्थ दुधासह वर्ज्य सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी केळे दूध, दही व ताक यांच्यासह निषिद्ध मानले. असे असूनही शिकरण महाराष्ट्राच्या पानात पिढ्यानुपिढ्या आहे. याउलट भावमिश्रांनी गोड, पक्व आंबा दुधासह घेतल्यास तो वातपित्तशामक, बृंहण व बल्य असतो, मात्र गुरू व शीत होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे एकाच फळाबाबत अवस्थाभेदाने मत बदलते. कच्चा आंबट आंबा आणि झाडावर पिकलेला मधुर आंबा यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

सीताफळ या कोणत्याच यादीत नाही, कारण हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आले असे सामान्यतः मानले जाते. (भरहूतच्या शिल्पांत ते दिसते असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे म्हणणे होते, तो वाद वनस्पतिशास्त्रज्ञांवर सोपवू.) संहितेत नाव नसलेल्या द्रव्याचा विचार रस, गुण, विपाक यांवरून करावा लागतो. पक्व सीताफळ मधुर, गुरू, स्निग्ध व शीत आहे, दूधही तसेच. अम्ल-मधुर असा विरोध येथे नाही. येथे दोष उद्भवतो तो गुणांच्या विरोधाने नव्हे, तर गुणांच्या बेरजेने. गुरूमध्ये गुरू व शीतामध्ये शीत मिळाल्याने अग्नीवर भार पडतो आणि कफ वाढतो.

आधुनिक दुग्धशास्त्राची साक्षही येथे घेण्याजोगी आहे. दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन गोळा होऊन दूध फाटते. दूध गरम असल्यास त्याआधीच फाटते. पिकलेल्या सीताफळाच्या गराचा सामू ५ च्या वर राहतो, त्यामुळे थंड दुधात तो मिसळला तरी दूध फाटत नाही. संत्रे, अननस, आंबटसर आंबा यांची गोष्ट वेगळी आहे. अननस व कच्ची पपई यांत तर प्रथिने तोडणारी पाचकद्रव्येही असतात. त्यांच्यासह दूध थोडा वेळ ठेवले तरी कडू होते. परंतु दूध फाटले नाही म्हणजे विरुद्धाहार झाला नाही, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. भांड्यात घडते तेच कोष्ठात घडते असे नाही, आणि विरुद्धाची कल्पना सामूच्या आकड्यापेक्षा बरीच व्यापक आहे.

आता कृती. पेय मुलायम व दाट होत नाही म्हणून लोक त्यात आइस्क्रीम, बर्फ व साखर घालतात आणि येथेच पथ्याचे अपथ्य होते. वास्तविक दाटपणा हा दुधातील व गरातील घनभागामुळे येतो, थंडपणामुळे नव्हे. म्हैशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने पेय आपोआप दाट होते; गाईचे दूध असल्यास ते मंद आचेवर चतुर्थांश आटवावे. दूध उकळून पूर्ण थंड करणे अनिवार्य आहे. सीताफळाचा गर उष्णतेने कडवट होतो. त्यामुळे गरम दुधात गर घालणे किंवा गर घातलेले दूध पुन्हा तापवणे टाळावे. बासुंदीतही गर शेवटी, भांडे निवाल्यावरच घालतात, ते याचसाठी.

थंड झालेल्या दुधावरची साय काढून ठेवावी. सायीसह थंड दूध मिक्सरमध्ये बराच वेळ फिरवले तर त्यातून लोण्याचे कण सुटतात आणि पेय जिभेला रवाळ व तेलकट लागते. अनेक गृहिणी हा फळाचा दोष समजतात; तो मंथनाचा परिणाम आहे. आपल्या आजीच्या रवीने जे घडे तेच येथे अर्ध्या मिनिटात घडते.

रवाळपणाचे दुसरे कारण मात्र फळातच आहे. सीताफळाच्या सालीलगतच्या थरात कठीण कणपेशी असतात. त्या मिक्सरने बारीक होत नाहीत. चमच्याने साल खरवडून काढलेला गर म्हणूनच करकरतो. फळ उघडून मधला, बियांभोवतीचा पांढरा गर तेवढा घ्यावा व साल खरवडण्याचा लोभ सोडावा. हा गर स्टीलच्या चाळणीवर घेऊन पळीच्या पाठीने हलक्या हाताने घोळावा. गर खाली उतरतो व बिया वर राहतात. काही ठिकाणी बियांसह गर मिक्सरमध्ये टाकून एक-दोन झटके देण्याची युक्ती सांगतात. ती मुळीच वापरू नये. कारण पुढे येईल. काढलेला गर हवेत काळवंडतो, म्हणून दूध आधी तयार ठेवून गर मागाहून काढावा.

२०० मि.लि. दुधास ८० ते १०० ग्रॅम गर पुरतो. प्रथम गर व फक्त अर्धी वाटी दूध घेऊन १०-१५ सेकंद फिरवावे, मग उरलेले दूध घालून तेवढाच वेळ. सर्व दूध एकदम घातल्यास गराचे तुकडे पात्यांना चुकवीत तरंगत राहतात. साखर घालण्याचे कारण नाही. वेलदोडा व चिमूटभर सुंठ मात्र अवश्य घालावी. गुरुत्व व शैत्य यांना तेवढाच उतारा. बर्फ न घालता माठाजवळ गार केलेले दूध वापरावे. मध घालावयाचा झाल्यास तो थंड पेयातच घालावा हे वैद्यवाचकांना सांगणे नलगे.

इतर पेयांबाबत थोडक्यात. चिकू याच रीतीने होतो. खारीक व बदाम रात्रभर भिजवून, बदाम सोलून, आधी थोड्या दुधात गंधासारखे वाटून घ्यावेत. हेच सर्वांत निर्दोष दुग्धपेय असे माझे मत आहे. आंबा घ्यावयाचा तर पूर्ण मधुर, आणि तोही भावमिश्रांच्या अटीने. आंबट फळांचे दुधाशिवाय पानक करावे.

मात्रेविषयी आपल्या ग्रंथांत उत्तम दिग्दर्शन आहे. शार्ङ्गधरांनी मंथाची कृती देताना १ पल द्रव्य ४ पल थंड पाण्यात मातीच्या पात्रात घुसळून २ पल प्यावे असे सांगितले. पल सुमारे ४८ ग्रॅम धरल्यास ही मात्रा शंभर मि.लि.च्याही आतच राहते. आजचा काचेचा उंच ग्लास ३०० मि.लि.चा असतो, आणि तो जेवणावर घेतला जातो! मंथ हा औषधी कल्प आहे आणि हे दुग्धपेय आहार आहे, हा भेद मान्य करूनही प्रमाणाचा धडा घेण्यासारखा आहे. मी प्रौढास एक वाटी, सकाळच्या न्याहारीऐवजी, न्याहारीसोबत नव्हे, असे सांगतो. ऋतूचाही विचार हवा. चरकांनी पाण्यातील मंथ हेमंतात व वर्षाऋतूत वर्ज्य केला आहे. सीताफळ येते ते शरदात, पित्तप्रकोपाच्या काळात. तेव्हा मधुर-शीत पेय युक्त ठरते. गर गोठवून तो माघातल्या थंडीत वा श्रावणात वापरणे ही सोय शीतगृहाची आहे, शास्त्राची नव्हे.

कोणास देऊ नये? प्रतिश्याय, कास, तमकश्वास, आमवात, अग्निमांद्य व त्वग्विकाराच्या रुग्णांस निश्चितच नाही. मधुमेहींच्या बाबतीत हिशेबच करून दाखवावा: १०० ग्रॅम गरात सुमारे २३ ग्रॅम आणि २०० मि.लि. दुधात सुमारे १० ग्रॅम कर्बोदके असतात. साखरेचा एक कणही न घालता ३३ ग्रॅम झाली. उलटपक्षी कृश, श्रम करणारा, प्रदीप्त अग्नीचा तरुण ते सहज पचवितो. सात्म्य, अल्प मात्रा, दीप्ताग्नी, तारुण्य, स्नेहन, व्यायाम व बल यांमुळे विरुद्धही निष्प्रभ होते, ही चरकांचीच सवलत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराला आणि दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला एकच उत्तर देता येणार नाही.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक सूचना. शतावरी, अश्वगंधा यांची चूर्णे “शेकमध्ये घालून घ्या” असे सांगून दिली जातात. चूर्ण थेट दुधात टाकल्यास गाठी होतात आणि निम्मे औषध पात्याच्या बुडाशी चिकटून राहते, म्हणजे मात्रा पोहोचत नाही. चूर्ण प्रथम चमचाभर तुपात किंवा थोड्या दुधात कालवावे, मग मिसळावे. दाणेदार कल्पांत साखरेचे प्रमाण फार असते. वेष्टनावरील मजकूर वाचून मधुमेही ग्राहकास ते आपणहून सांगावे. परदेशी लक्ष्मणफळाच्या पानांना व गराला सध्या भलतीच मागणी आहे. कॅरिबियनमधील ग्वाडलूप बेटावर या फळाचे व पानांच्या काढ्याचे नित्य सेवन आणि असामान्य स्वरूपाचा कंपवात यांचा संबंध दर्शविणारे निरीक्षण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते सीताफळाला जसेच्या तसे लागू करता येत नाही, परंतु या कुळातील द्रव्ये नित्य व अमर्याद देण्याची घाई करू नये.

आता बियांचे. सीताफळाच्या बियांचे चूर्ण उवांवर आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे आणि काही दुकानांतून सुटेही विकले जाते. अखंड बी चुकून गिळले तर ते बहुधा तसेच बाहेर पडते. दळलेले बी मात्र विषारी आहे. ते डोळ्यास विशेष घातक असून त्याने स्वच्छमंडलावर व्रण होतो. काही वर्षांपूर्वी एक शाळकरी मुलगी माझ्याकडे आणली गेली. डोळे लालबुंद, पाण्याच्या धारा, उजेड सहन होईना. आदल्या दिवशी डोक्याला बियांचा लेप लावला होता आणि न्हाताना तो डोळ्यांत उतरला. मी डोळे स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून तिला अंबाजोगाईस नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. काही दिवसांत ती बरी झाली. परंतु मला खरा धक्का बसला तो तिच्या आजीच्या बोलण्याने. बिया कशात दळल्या, असे विचारताच आजी म्हणाली, “मिक्सरच्या भांड्यात, दुसरं कशात दळणार? इसळून ठिवलं की मग.” त्याच भांड्यात त्या घरी रोज चटणी होई आणि हंगामात सीताफळाचे दूधही.

त्या दिवसापासून मी बियांचा लेप सांगणे बंद केले. ज्या दुकानदारांना ते चूर्ण ठेवावयाचेच असेल त्यांनी ते सुटे न देता, बाह्योपयोगी व डोळ्यांस विषारी असे ठळक मराठीत छापलेल्या बंद पुडीतच द्यावे. डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवून नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याची सूचना तीवर असावी. घरी दळण्यासाठी बिया तर कोणालाही देऊ नयेत.