गादीवरचे अवघड दुखणे : मूळव्याधीवरील लहान उपचार व नंतरचे पंधरा दिवस

आपल्या पेढ्यांवर मधुमेहाची चर्चा मोकळेपणाने होते, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे दिवाणजींनाही पाठ असतात. परंतु मूळव्याधीचा विषय निघाला की बोलणारा आवाज खाली आणतो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. तथापि या व्याधीशी त्याचा परिचय केवळ पुस्तकी नसल्याने, स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक चार शब्द लिहिण्याची सूचना आली तेव्हा हाच विषय घेण्याचे धाडस त्याने केले आहे.

शौचाच्या वेळी रक्त पडते ही गोष्ट मी जवळजवळ दोन वर्षे घरात कोणास सांगितली नाही. 'विना ऑपरेशन, एका सुईत आराम' असा फलक वाचून एका ठिकाणी जाऊन आलो; सुईत औषध कोणते, हे विचारण्याचीही तेथे सोय नव्हती. काही दिवस बरे वाटले. पुढे दिवाळीच्या हंगामात दुकानाचा जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तो हिमोग्लोबिन ७ वर आलेले! थेंबाथेंबाने गेलेल्या रक्ताचा हिशेब असा एकदम पुढे आला.

त्यानंतर ज्या शल्यचिकित्सकांकडे गेलो त्यांनी उपचाराची गोष्टच प्रथम काढली नाही. पडणारे रक्त मूळव्याधीचेच आहे असे तपासल्यावाचून गृहीत धरू नये, असे त्यांचे सांगणे होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त पडते. चाळिशी उलटलेली, वजन घटलेले, शौचाची सवय बदललेली, अंगात रक्त कमी झालेले किंवा घराण्यात तो रोग असलेला मनुष्य असेल, तर दुर्बिणीने आतडे पाहून घेणे टाळू नये. माझी ती तपासणी झाली; मूळव्याधीवाचून दुसरे काही निघाले नाही, तेव्हा कोठे झोप लागली.

आता ही व्याधी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. गुदद्वाराच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाच्याच शरीरात असतात. त्या सामान्यतः तीन असून ते द्वार घट्ट मिटण्यास त्यांचे साहाय्य होते. कुंथण्याने व मलावरोधाने त्या फुगून खाली सरकतात, त्यांसच आपण मोड म्हणतो. मोड आतच राहून केवळ रक्त पडणे ही पहिली पायरी. बाहेर येऊन आपोआप आत जाणे ही दुसरी, बोटाने आत सारावे लागणे ही तिसरी, आणि आत न जाणे ही चौथी. पहिल्या तीन पायऱ्यांवरील पुष्कळ रोग्यांचे काम लहान उपचारांनी भागते. चौथीस बहुधा खरी शस्त्रक्रियाच लागते.

या उपचारांची कल्पना नवी नाही. सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. क्षार लावलेल्या दोऱ्याने मोड बांधण्याची रीत बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी १९६० नंतरच्या दशकात पुन्हा प्रचारात आणली. पाश्चात्त्य वैद्यकात बदामाच्या तेलात ५ टक्के फिनॉल मिसळून त्याची सुई मोडाच्या मुळाशी देतात. ती लहान, रक्त पडणाऱ्या मोडांस उपयोगी पडते. ही सुई आणि फलकवाल्याची सुई यांत औषधाच्या प्रमाणाचा व देणाऱ्या हाताच्या शिक्षणाचा फरक आहे.

सर्वांत प्रचलित उपाय मात्र रबराच्या कड्याचा. अमेरिकेतील डेट्रॉइटचे शल्यचिकित्सक बॅरन यांनी १९६३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली व तेव्हापासून तो जगभर पसरला. नळीतून मोड आत ओढून त्याच्या मुळावर बारीकसे रबरी कडे चढवितात. रक्तपुरवठा तुटून तो भाग साधारणतः ५ ते १० दिवसांत गळून पडतो, आणि राहिलेला व्रण वरचे अस्तर जागच्या जागी धरून ठेवतो. हे काम काही मिनिटांचे आहे. भूल लागत नाही, कारण कडे जेथे बसते त्या भागास टोचल्याची जाणीव नसते. कडे बसताच तीव्र कळ आली तर ते खाली बसले असे समजावे व तत्क्षणी सांगावे. काढून पुन्हा बसविता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधीच सांगावे. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दोष लपविण्यात अर्थ नाही. मोड पुन्हा येऊ शकतात. ब्रिटनमधील तीनशेहून अधिक रोग्यांवरील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकदा कडी बसविलेल्यांपैकी ४९ टक्के लोकांस वर्षभरात पुन्हा त्रास झाला, तर रक्तवाहिनी शोधून टाके घालण्याच्या अधिक मोठ्या उपचारानंतर ३० टक्क्यांस. परंतु कडे पुन्हा बसविता येते. मलाही सहा आठवड्यांनी दुसऱ्या खेपेस जावे लागले.

खरे काम घरी आल्यावर सुरू होते. पहिले एक-दोन दिवस आत काही अडकले आहे, शौचास जावे, असे सारखे वाटते. त्या भुलीने जाऊन कुंथत बसू नये. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसल्याने फार आराम पडतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. दुसऱ्या दिवशी मी गल्ल्यावर बसलो. पण गाठोडी उचलणे दहा दिवस मुलावर सोपविले, व माल आणण्यासाठी सुरतेस जाण्याचा बेत पंधरा दिवस पुढे ढकलला. मोड गळून पडताना थोडे रक्त दिसते. क्वचित ते फार जाते, आणि असे आगगाडीत घडू नये.

आहाराविषयी आपल्या घरांतून काही अडचणी येतात. वैद्य सुके अंजीर सांगतात. ते आपल्याकडे उदुंबर-वर्गातील म्हणून वर्ज्य. त्याऐवजी भिजविलेल्या मनुका चालतात. चातुर्मासात पालेभाजी नसली तरी दुधी, दोडका, भेंडी, गवार, मटकी-चवळीची उसळ व ज्वारीची भाकरी यांतून चोथा भरपूर मिळतो. इसबगोल घेणाराने त्यावर पेलाभर पाणी घेतलेच पाहिजे, नाही तर तोच घट्ट होऊन बसतो. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारांनी म्हणून ते सकाळी किंवा दुपारी घ्यावे, आणि दिवसभराचे पाणी आठवणीने भरून काढावे. दशलक्षण पर्वात उपवास करणार असाल तर उपचार त्याच्या तोंडावर करून घेऊ नये. पर्व उलटून आहार पूर्ववत झाल्यावरच दिवस ठरवावा. माझ्या वडील बंधूंनी हे ऐकले नाही, आणि कोरड्या मलाने पंधरवडाभर हाल भोगले.

ताप येणे, लघवी अडणे, वेदना उतरण्याऐवजी वाढत जाणे, रक्ताच्या गाठी पडणे किंवा रक्त न थांबणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. असे विरळा होते, पण रात्री कोणाकडे जावयाचे तो दूरध्वनी क्रमांक उपचाराच्या दिवशीच लिहून घ्यावा.

राहता राहिली शौचकूपातील बैठक. पूर्वी मी तेथे बाजारभावाचे पान वाचीत असे. आता मुले मोबाईल घेऊन अर्धा अर्धा तास बसतात. डॉक्टरांनी मला पाच मिनिटांची मर्यादा घालून दिली आहे. वर्तमानपत्र मी हल्ली गादीवर बसून वाचतो.