१३४ वेळा आपटलेले कोळी!

शाळेच्या पुस्तकातला तो कोळी आठवतोय? गुहेत लपलेल्या ब्रूस राजासमोर चढणारा, पडणारा, पुन्हा चढणारा आणि शेवटी जाळ्यापर्यंत पोचणारा? भारी प्रेरणादायी गोष्ट! आजची गोष्टही कोळ्यांचीच. फक्त हे चढले की पडायचेच.

तर मंडळी, भेटा 'क्लीव्हलंड स्पायडर्स'ला. अमेरिकेच्या ओहायो राज्यातला प्रोफेशनल बेसबॉल संघ. सीझन १८९९चा. सामने १५४. जिंकले २०, हरले १३४. छपाईची चूक नाही हो! हवं तर परत वाचा, आम्ही थांबतो.

शंभरात तेरा

टक्केवारी काढली तर येते १३. पस्तीसला पास धरलं तर हा निकाल आईबाबांना दाखवण्यासारखा नव्हेच. सव्वाशे वर्षं होऊन गेली, मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, इतका वाईट सीझन दुसऱ्या कुणालाही जमलेला नाही. अलीकडे २०२४ साली शिकागोच्या व्हाइट सॉक्सने १२१ सामने हरून जोरदार प्रयत्न केला. पण त्यांनी ४१ जिंकलेही! स्पायडर्ससमोर ते अगदी स्कॉलर.

आधी टॉपर, मग ढ?

माहीत आहे का? ही मंडळी मुळात ढ नव्हतीच! १८९५ साली त्यांनी बाल्टिमोरला लोळवून 'टेंपल कप' उचलला होता. १८९८मध्ये ८१ विजय, बारा संघांत पाचवा नंबर. मग एका वर्षात ८१ वरून थेट २०? कोणाची दृष्ट लागली?

मालकांची! फ्रँक आणि स्टॅनली हे रॉबिसन बंधू. धंदा ट्रामचा. क्लीव्हलंडमध्ये गर्दी जमत नाही म्हणून खट्टू झालेले. १८९९च्या सुरुवातीला सेंट लुईसचा दिवाळखोर संघ त्यांच्या हाती आला. आता आयपीएलमधले दोन संघ एकाच शेठच्या खिशात आहेत अशी कल्पना करा. मग शेठ काय करेल? अगदी तेच झालं. क्लीव्हलंडचे हिरे सेंट लुईसला रवाना, सेंट लुईसचे खडे क्लीव्हलंडला. आणि ते खडे कसले? आदल्या वर्षी १११ सामने हरून तळाला बसलेल्या संघातले!

सोनूबाईंचा नंबर कितवा?

हिऱ्यांनी मढवलेल्या नव्या सेंट लुईस संघाचं नाव ठेवलं 'परफेक्टोज'. म्हणजे अगदी परफेक्ट! मग चॅम्पियन झाले असतील ना?

छे! पाचवे आले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आणखी गंमत म्हणजे आदल्या वर्षी हेच खेळाडू क्लीव्हलंडकडूनही पाचवेच आले होते. एक अख्खा संघ बुडवून मालकांनी कमावलं काय? तोच नंबर, फक्त पत्ता नवा!

पहिल्याच दिवशी घरचा आहेर

सीझनचा पहिला सामना १५ एप्रिलला, सेंट लुईसमध्ये. स्पायडर्ससमोर चेंडू टाकायला कोण उभा? साय यंग. कालपर्यंत त्यांचाच हुकमी पिचर! निकाल १०-१. कुणाच्या बाजूने, ते विचारू नका.

माहीत आहे का? हा तोच साय यंग, ज्याच्या नावावर ५११ विजयांचा विक्रम आजही आहे. १९५६पासून सर्वोत्तम पिचरला जो पुरस्कार देतात, तो त्याच्याच नावाचा. आणि सर्वाधिक पराभवांचा विक्रम? तोही त्याचाच! खूप खेळला की दोन्ही खाती भरतात.

चांगलं खेळलास? मग जा!

संघाचा पहिला मॅनेजर लेव्ह क्रॉस. तो स्वतः झकास खेळत होता. ३८ सामन्यांत ८ विजय, म्हणजे या संघाच्या मानाने सुवर्णयुगच! बक्षीस काय मिळालं? मालकांनी त्यालाही उचलून सेंट लुईसला नेलं. उरलेल्यांनी काय धडा घ्यायचा तो घेतलाच असेल.

मग गादीवर आला जो क्विन. मेजर लीगमधला पहिला ऑस्ट्रेलियन म्हणून ओळखला जाणारा खेळाडू. त्याच्या हाताखाली १२ जिंकले, १०४ हरले. आणि हो, माहीत आहे का, त्याचा जोडधंदा कोणता? अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा! याहून योग्य मॅनेजर या संघाला मिळाला असता का?

सीट नऊ हजार, डोकी १४५

क्लीव्हलंडच्या 'लीग पार्क'मध्ये सुमारे नऊ हजार माणसं बसू शकत. १८९९च्या अख्ख्या सीझनमध्ये तिकीट काढून आले ६,०८८ जण. सामन्यामागे सरासरी १४५. एवढी माणसं तर आपल्याकडे मुलीच्या बारशाला येतात, आणि त्यांना जेवायलाही मिळतं!

पाहुण्या संघांना गेटच्या पैशांतून वाटा मिळायचा. तो इतका किरकोळ, की रेल्वेचं भाडं आणि हॉटेलचं बिलही सुटेना. शेवटी बाकी संघ म्हणाले, आम्ही नाही येत जा! १ जुलैनंतर घरच्या मैदानावर जेमतेम आठ सामने झाले. मग काय, कोळ्यांच्या पाठीवर बिऱ्हाड. पेपरवाल्यांनी नवी नावं ठेवली. कुणी म्हणे 'वाँडरर्स', कुणी 'एक्झाइल्स', कुणी सरळ 'मिसफिट्स'.

न मोडणारा विक्रम

परगावी ११२ सामने, त्यांत १०१ पराभव. हा विक्रम कधीच मोडणार नाही. पैज लावा! का? आज मेजर लीगचा सीझन १६२ सामन्यांचा, आणि त्यातले परगावचे फक्त ८१. सगळेच्या सगळे हरले तरी २० कमी पडतात. सचिनच्या शंभर शतकांची काळजी करणाऱ्यांनी जरा इकडेही बघावं. याला म्हणतात सेफ रेकॉर्ड!

माळ फटाक्यांची नव्हे, पराभवांची

ऑगस्टच्या अखेरीस हरायला सुरुवात झाली ती सलग २४ सामने. मग एक विजय! ढोल वाजवायला घ्यावेत, तोवर पुढचे १६ पुन्हा गेले. म्हणजे शेवटच्या ४१पैकी ४० सामने गुल. आणि सीझनभरातली सर्वांत लांब 'विजयी घोडदौड' किती सामन्यांची? दोन. तीही एकदाच. घोडं दोन पावलांत दमलं!

हिशेबाच्या वहीत बघा. स्पायडर्सनी काढलेले रन ५२९, प्रतिस्पर्ध्यांना वाटलेले १,२५२. कर्णाच्या खालोखाल दानशूर हेच.

चार विजय आणि 'स्टार' पिचर

माहीत आहे का? या संघाचे सर्वांत यशस्वी पिचर दोन होते. विजय प्रत्येकी चार! त्यातल्या जिम ह्यूईचे पराभव ३०, चार्ली नेपरचे २२. एका सीझनमध्ये तीस सामने हरणारा पिचर ह्यूईनंतर मेजर लीगने पाहिलेला नाही. फ्रँक बेट्सचा हिशेब त्याहून आटोपशीर: १ विजय, १८ पराभव.

आणि एक होता फ्रेड श्मिट. टोपणनाव 'क्रेझी'. विजय २, पराभव १७. हा म्हणे खिशात वही ठेवायचा, प्रत्येक फलंदाजाची कच्ची बाजू लिहिलेली. थोर फलंदाज कॅप अ‍ॅन्सनच्या नावापुढे काय लिहिलं होतं? बेसवर फुकट सोडून द्या! बेसबॉलच्या जुन्या लोकांचा हा लाडका किस्सा आहे. डेटा अ‍ॅनॅलिटिक्सचे आद्य गुरू, आणखी कोण?

सिगारवाल्या पोरा, टाक चेंडू!

सीझनचा शेवटचा सामना सिनसिनाटीत. आता उरलंय काय? मग पिचर म्हणून उतरवला एडी कोल्बला. हा कोण? हॉटेलातल्या सिगारच्या स्टॉलवरचा पोरगा! त्याने अख्खा सामना टाकला. निकाल १९-३. सिनसिनाटीच्या संघाविरुद्ध सीझनभरात १४ सामने झाले होते, आणि स्पायडर्स चौदाच्या चौदा हरले. एकूण काय, सगळंच धुरात!

लॉकेट कोणाला?

सीझन संपल्यावर खेळाडूंनी म्हणे वर्गणी काढली आणि हिऱ्याचं लॉकेट आणलं. सर्वोत्तम खेळाडूसाठी? छे! संघाबरोबर फिरणारे सेक्रेटरी जॉर्ज म्युअर यांच्यासाठी. कारण? आमचे सगळे सामने पाहण्याची शिक्षा एकट्या त्यांनाच झाली! हरलेल्यांकडे विनोदबुद्धी मात्र फर्स्ट क्लास होती.

जाळं कुठवर गेलं?

१९००मध्ये लीगने बारातले चार संघ काढून टाकले. स्पायडर्स त्यात अर्थातच होते. सेंट लुईसचे परफेक्टोज नाव बदलून झाले 'कार्डिनल्स', आणि पुढे त्यांनी ११ वेळा वर्ल्ड सीरिज जिंकली. आजच्या नियमात एका मालकाला दोन संघ ठेवता येत नाहीत. क्लीव्हलंडला १९०१मध्ये नव्या लीगचा नवा संघ मिळाला, तो पुढे 'इंडियन्स' म्हणून गाजला. हे नाव बदलायचं ठरलं तेव्हा चाहत्यांच्या आवडत्या सूचनांमध्ये एक नाव हमखास होतं. ओळखा पाहू? स्पायडर्स! शेवटी २०२२पासून संघ 'गार्डियन्स' झाला, ते सोडा.

आणि जाता जाता शेवटचा प्रश्न. १८९९चा चॅम्पियन कोण, माहीत आहे का? ब्रुकलिनचे 'सुपरबाज'. स्पायडर्सच्या तब्बल ८४ सामने पुढे! त्यांनी जिंकले बरोबर १०१, म्हणजे स्पायडर्स परगावी जेवढे हरले तेवढेच.

नाव ऐकलं होतं कधी? नाही ना? जिंकणाऱ्यांच्या कपावर कधीच धूळ बसली. आता त्यावर जाळंही दिसतंय. कोणाचं, हे सांगायला हवं का?