दाबाखालचं सोडियम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोडियम पाण्यापेक्षा हलकं, सुरीनं कापता येईल इतकं मऊ आणि ९८ अंश सेल्सिअसला वितळणारं. इतका साधा धातू प्रचंड दाबाखाली कसा वागेल, हे सहज सांगता येईल असं कुणालाही वाटेल. मात्र इथे आपले बहुतेक अंदाज चुकतात.

गैरसमज : दाबला की धातू अधिक चांगला वीजवाहक होतो.

वस्तुस्थिती : सोडियमच्या अणूतला सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो, म्हणून हा धातू चकाकतो आणि वीज वाहून नेतो. पण अणू फारच जवळ आले की आतले इलेक्ट्रॉन एकमेकांना भिडू लागतात. बाहेरचे इलेक्ट्रॉन मग अणूंमधल्या पोकळ्यांत ढकलले जातात आणि तिथेच अडकतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सोडियम दाबलं होतं. ते आधी काळवंडलं, मग त्यातून लालसर उजेड दिसू लागला आणि वातावरणाच्या सुमारे २० लाख पट दाबाला ते चक्क पारदर्शक झालं, म्हणजे वीजवाहक धातू उरलंच नाही. हा बदल गणितानंही वर्तवला होता.

गैरसमज : दाब वाढला की वितळणबिंदू वाढतच जातो.

वस्तुस्थिती : सुमारे ३ लाख वातावरणांपर्यंत तो वाढतो, ७०० अंशांच्या पुढे जातो. त्यानंतर घसरू लागतो आणि १२ लाखांच्या आसपास चक्क खोलीच्या तापमानाला येतो. याचं कारण २००७ मध्ये संगणकीय गणितातून पुढे आलं : इलेक्ट्रॉनांची आणि अणूंची फेरमांडणी द्रवात घनरूपापेक्षा बऱ्याच कमी दाबाला सुरू होते.

गैरसमज : असं संगणकीय प्रतिमान (मॉडेल) म्हणजे जुन्या मोजमापांचा आलेख पुढे ओढणं.

वस्तुस्थिती : तसा ओढलेला आलेख इथे हमखास चुकला असता. हे गणित क्वांटम नियमांपासून सुरू होतं. वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यासाठी मिळालं, त्या पद्धतीनं इलेक्ट्रॉनांची घनता काढतात, त्यावरून प्रत्येक अणूवरचं बल काढतात आणि अणू किंचित पुढे सरकवतात. मग पुन्हा पहिल्यापासून. एका पावलाचा काळ साधारण एक फेमटोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक-हजार-अब्जांशही नव्हे, त्याच्याही हजाराव्या भागाएवढा. अशी असंख्य पावलं लागतात आणि प्रत्येक पावलाला सगळं गणित नव्यानं करावं लागतं. म्हणूनच अणूंची संख्या सहसा काही शेकड्यांपुरतीच ठेवावी लागते.

गैरसमज : गणित झालं की प्रयोगाची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लेसरच्या माऱ्यानं सोडियमवर जवळपास ५० लाख वातावरणांचा दाब आणला गेला. त्याची घनता सातपट झाली. ते वितळलं आणि सेकंदाच्या अब्जांश भागात पुन्हा गोठलं. गोठताना क्ष-किरणांनी अणूंच्या अनपेक्षित रचना टिपल्या. दाबाइतकाच तापमानाचाही हिशेब धरावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झालं. प्रतिमानानं कुठे पाहायचं ते सांगावं आणि प्रयोगानं त्याची चूक पकडावी. असाच प्रचंड दाब असलेल्या ग्रहांच्या पोटातल्या पदार्थांबद्दल विश्वासानं बोलायचं तर दोन्ही हवीतच.