बोलपटातील पार्श्वसंगीताचा जीर्णोद्धार : ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’च्या निमित्ताने

चित्रपटाचे संगीत म्हटले की आपल्याकडे प्रथम गीते आठवतात. ती तबकड्यांवर निघाली, आकाशवाणीवर वाजली, पुढे ध्वनिफितींवर आणि आता भ्रमणध्वनीवर आली. परंतु त्याच चित्रपटात दोन गीतांच्या मधल्या अवकाशात, संवादांच्या खाली आणि कृतीच्या मागे जे संगीत अखंड वाहत असते, त्याला स्वतंत्र अस्तित्व आहे असे आपण क्वचितच मानले. १९४६ साली राजकमल कलामंदिराने काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा या दृष्टीने विचार करण्याजोगा चित्रपट आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी चाललेल्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांनी केले, नायकाची भूमिकाही त्यांचीच होती. संगीत वसंत देसाई यांचे. मराठी माणसांनी निर्माण केलेला हा हिंदी युद्धपट आहे असे म्हणावयास हरकत नाही. त्यातील गीते संग्राहकांच्या कपाटांत आजही सापडतात. उरलेले संगीत कोठे आहे, आणि ते परत मिळविता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तुलनेसाठी एक अमेरिकन उदाहरण घेऊ. वॉर्नर ब्रदर्सचा ‘ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!’ हा राउल वॉल्श यांचा चित्रपट १९४५चा, म्हणजे आपल्या चित्रपटाच्या अगदी लगतचा. ब्रह्मदेशची मोहीम प्रामुख्याने ब्रिटिश व भारतीय सैनिकांनी लढविली असता चित्रपटात अमेरिकन छत्रीधारी सैनिकच काय ते दिसतात, या कारणास्तव इंग्लंडमध्ये एवढा गदारोळ झाला की तो तेथून मागे घ्यावा लागला आणि १९५२ साली पुन्हा दाखविला गेला. चौदाव्या सैन्यातील आपल्या जवानांची आठवण ठेवणाऱ्यास हा क्षोभ समजण्यासारखा आहे. असे असूनही फ्रांझ वॅक्समन यांनी त्यासाठी रचलेले संगीत आज कोणासही ऐकता येते. संगीतरचनेची कागदपत्रे स्टुडिओच्या दप्तरात राहिली आणि ते दप्तर पुढे विद्यापीठाच्या स्वाधीन झाले. वॅक्समन यांचे खाजगी कागदही सिराक्यूज विद्यापीठात पोहोचले. अर्धशतकानंतर जॉन मॉर्गन यांनी स्वरलेखांची जुळणी केली आणि विल्यम स्ट्रॉम्बर्ग यांच्या नेतृत्वाखाली मॉस्कोच्या सिंफनी वाद्यवृंदाने ते नव्याने वाजविले. अमेरिकन युद्धपटाचे संगीत मॉस्कोत जिवंत व्हावे यात इतिहासाची थोडी थट्टा आहे. मात्र तेथे ते वाजू शकले याचे कारण कागद शिल्लक होता.

कागद नसेल तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणाचा शोध घ्यावा लागतो. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या १९६९च्या ब्रिटिश चित्रपटासाठी विल्यम वॉल्टन यांनी केलेले संगीत वितरकांनी नाकारले आणि रॉन गुडविन यांच्याकडून नवे करवून घेतले. वॉल्टन यांच्या रचनेचा आकाशयुद्धाच्या प्रसंगाचा एकच तुकडा चित्रपटात राहिला. बाकीच्या फिती नष्ट झाल्या अशी समजूत होती. १९९० साली त्या ध्वनिमुद्रकाच्या गॅरेजमध्ये मिळाल्या आणि कालांतराने प्रसिद्धही झाल्या. ‘द ग्रेट एस्केप’ची कथा निराळी. एल्मर बर्नस्टाइन यांच्या या संगीताची १९६३ची तबकडी श्रोते मूळ म्हणून ऐकत, पण तिच्यातील वादन खास तबकडीसाठी पुन्हा केलेले होते. चित्रपटात प्रत्यक्ष वाजलेले संपूर्ण संगीत संग्राहकांच्या हाती येण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. यावरून मूळ हा शब्द या क्षेत्रात किती जपून वापरावा लागतो हे ध्यानी यावे.

अमेरिकेत सारे काही जतन झाले असा मात्र ग्रह करून घेऊ नये. एमजीएम या बलाढ्य कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या संगीतग्रंथालयातील स्वरलेख चक्क भराव घालण्यासाठी पाठवून दिले. पुढे जॉन विल्सन यांना त्यांतील संगीतिकांचे वाद्यलेखन चित्रपट पुनःपुन्हा ऐकून, कानाने उतरवून काढावे लागले. प्रकाशनाचे अर्थकारणही नाजूकच होते. जुने वादन नव्याने विकावयाचे तर वादकांच्या संघाला पुनर्वापराचे मानधन द्यावे लागे. मर्यादित आवृत्तीला सवलत मिळाली तेव्हा कोठे बहुधा तीन हजार प्रतींच्या आवृत्त्या निघू लागल्या. अशाच पद्धतीने ‘फिल्म स्कोअर मंथली’ या नियतकालिकाच्या प्रकाशनाने २०१३पर्यंत अडीचशे मुद्रिका काढल्या. तीन हजार ग्राहक म्हणजे काही मोठा समुदाय नव्हे. पण तेवढ्या मंडळींना काय हवे आहे हे नेमके ठाऊक होते, आणि कोठारातील फीत बाहेर काढण्यास ते पुरेसे झाले.

आता आपल्याकडे वळू. वसंत देसाई हे प्रभातमध्ये वाढलेले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांच्या सहवासात त्यांची घडण झाली. बोलपटाच्या मागे कोणते ध्वनी असावेत याचा विचार त्या कंपनीत फार लवकर सुरू झाला होता. १९३७च्या ‘कुंकू’त तर भोळ्यांनी पार्श्वसंगीत टाळून दृश्यात प्रत्यक्ष उत्पन्न होणाऱ्या ध्वनींवरच भिस्त ठेवली. शांतारामबापूंबरोबर देसाई राजकमलमध्ये आले, १९४३ची ‘शकुंतला’ त्यांनी केली, आणि तीन वर्षांनी चीनच्या रणभूमीचा विषय त्यांच्यापुढे आला. कालिदासाच्या तपोवनानंतर लगेच युद्ध! रागदारी व लोकसंगीत यांत मुरलेल्या संगीतकाराने परदेशातील युद्ध कोणत्या स्वरांनी सूचित केले, वाद्यांची निवड कशी केली, मृत्यूच्या प्रसंगी किती मौन राखले, हे प्रश्न संगीताच्या अभ्यासकाला केवळ गीते ऐकून सुटणार नाहीत. देसाई यांच्या कर्तृत्वाचा निम्मा भाग अशा रीतीने आपल्या परीक्षणाबाहेर राहिला आहे.

याचे कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. त्या काळी आवाज प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर उमटविला जाई. संवाद, इतर ध्वनी आणि संगीत यांच्या निरनिराळ्या पट्ट्या तयार होत. नंतर ज्याला धंद्यात रि-रेकॉर्डिंग म्हणतात त्या क्रियेने त्या एकत्र करून अखेरची एकच ध्वनिपट्टी बनविली जाई. ती बनली की निर्मात्याच्या लेखी सुट्या पट्ट्यांचे काम संपले. कच्ची फिल्म महाग, जागा अपुरी. त्या सांभाळण्याचे व्यावहारिक कारण कोणालाच नव्हते. चुंबकीय फीत आल्यानंतर तर तीच पुसून पुन्हा वापरण्याचा मोह अधिक. कागदाची गत याहून वेगळी नव्हती. संगीतकार बहुधा स्वर आपल्या लिपीत टिपून ठेवी. पुढील दशकांत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक त्यांवरून पाश्चात्त्य पद्धतीचे वाद्यलेख तयार करीत. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुंबईच्या या वादकांच्या मुलाखतींतून हे जग बरेचसे उभे राहिले आहे. परंतु वादकापुढचा कागद हे कामाचे साधन होते, ग्रंथालयात ठेवावयाची वस्तू नव्हे. हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओंत संगीताचा स्वतंत्र विभाग आणि त्याचे दप्तर असे. आपल्याकडे तशी प्रथा रुजली नाही. आणि बाजाराने गीतांनाच मोल दिले. १९७५च्या ‘शोले’चे संवाद तबकडीवर विकले गेले आणि त्यांना ग्राहकही भरपूर मिळाले, पण पार्श्वसंगीताची तबकडी काढावी असे प्रकाशकांना क्वचितच वाटले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

जे उरले त्यालाही हवामानाने आणि आगीने सोडले नाही. १९५०च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले तोवर बोलपटाला तीन दशके उलटून गेली होती. आणि २००३च्या जानेवारीत पुण्यातील जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेट रिळांचा मोठा साठा भस्मसात झाला. नंतरची ॲसिटेटची फिल्म जळत नाही, पण आंबते. उष्मा व दमटपणा मिळाला की तिच्यातून शिरक्याचा वास येऊ लागतो, आणि त्यातून सुटणारे आम्लच पुढील विघटन वेगाने घडविते. लोखंडी डब्यात घट्ट कोंडलेले रीळ त्यामुळे अधिकच लवकर जाते. मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरांत घरगुती कपाटात ठेवलेल्या फितींचे आयुष्य या दृष्टीने फार नाही. (आता अंकीय प्रती ऐरोली-महापे पट्ट्यातील संगणकीय कोठारांत ठेवता येतात, पण त्या दर काही वर्षांनी नव्या माध्यमात उतरविल्या नाहीत तर तेही एक प्रकारचे आंबणेच होय.) फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार केलेल्या आणि २०२४ साली कान येथे दाखविलेल्या ‘मंथन’चा ध्वनी एका प्रदर्शनप्रतीवरून घ्यावा लागला. चित्र मूळ निगेटिव्हवरून मिळाले, आवाज मात्र प्रतीवरून. १९७६च्या चित्रपटाची ही स्थिती, मग तीस वर्षे अगोदरच्या चित्रपटाची काय असेल याची कल्पना करावी.

‘डॉ. कोटणीस’च्या बाबतीत सर्वसाधारण अभ्यासकाच्या हाती दोनच साधने येतात : चित्रपटाची मिश्र ध्वनिपट्टी आणि अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या. ही दोन साधने एकमेकांची साक्षीदार आहेत, हे येथे विशेष सांगितले पाहिजे. तबकडीवर अठ्ठ्याहत्तर लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष मुद्रणाची गती थोडी कमीअधिक असू शकते, आणि गती बदलली की षड्ज बदलतो, गायकाच्या आवाजाचा पोतही बदलतो. उलट ध्वनिचित्र सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीने बांधलेले असते. तेव्हा दोन्हींत वादन एकच असेल तर चित्रपटातील स्वराशी तबकडी ताडून तिची खरी गती ठरविता येते. हार्मोनियमसारखे स्थिर स्वरांचे वाद्य ऐकू येत असेल तर त्याचीही मदत होते. तबकडीचा गुण असा की तिच्यावर संवाद नाहीत. दोष असा की सुमारे तीन मिनिटांच्या बाजूत बसविण्यासाठी गीत पुष्कळदा आखडलेले असते. चित्रपटातील पाठ पूर्ण, पण त्यावर पावलांचे आणि बोलण्याचे आवाज. संहितासंपादन करणाऱ्यांना ही अडचण परिचयाची आहे : एक पोथी शुद्ध पण त्रुटित, दुसरी संपूर्ण पण क्षेपकांनी भरलेली.

ध्वनीची स्वच्छता हा वादाचा विषय आहे. जुन्या प्रकाशीय पट्टीत सेकंदाला सात-आठ हजार कंपनांच्या वरचा ध्वनी जवळजवळ नसतोच, तेव्हा तेथील खरखर काढून टाकली तर फारसे काही जात नाही. त्याखालील खरखर मात्र वाद्यांच्या ध्वनीतच मिसळलेली असते. ती पूर्णपणे पुसू पाहणाऱ्याच्या हातून गजाचा तारेवरील स्पर्श आणि स्टुडिओच्या खोलीचा घुमारा हेही पुसले जातात, आणि उरलेले संगीत काचेच्या पेटीत ठेवल्यासारखे वाटते. टिचक्या काढाव्यात, खरखर कमी करून थांबावे, असे माझे मत आहे. अलीकडे संगणकास शिकवून मिश्र ध्वनीतून संवाद व संगीत वेगळे काढण्याची युक्ती निघाली आहे. बीटल्स मंडळींचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले गीत तिच्यामुळेच शक्य झाले. तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु संवादाखाली दडलेली सारंगी जेव्हा यंत्र उघडी करून दाखविते, तेव्हा त्यातला काही अंश अनुमानाचा असतो. संपादित ग्रंथात अनुमित पाठ कंसात देतात. मुद्रिकेच्या वेष्टनावरही तशी नोंद असलीच पाहिजे.

नव्याने वाजविणे हा तिसरा मार्ग. २००४ साली ‘मुघल-ए-आझम’ रंगीत होऊन आला तेव्हा नौशाद यांच्या देखरेखीखाली उत्तम सिंग यांनी वाद्यवृंद पुन्हा ध्वनिमुद्रित केला आणि गायकांचे मूळ आवाज राखले. आजच्या चित्रपटगृहात तो भव्य ऐकू आला हे खरे. तथापि १९६०च्या वादकांचा हात त्यातून गेला हेही तितकेच खरे. तेथे निदान मूळ संगीतकार हयात होते. वसंत देसाई १९७५ साली वारले. त्यांच्या संगीताचे असे पुनर्वादन करावयाचे तर ते कानाने उतरवून काढावे लागेल, आणि ते पुनर्वादन म्हणूनच प्रसिद्ध करावे लागेल.

येथे कायद्याची एक बाजू आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९४६च्या चित्रपटाचा २००६च्या अखेरीस संपला. संगीतरचना हे मात्र वेगळे कृतित्व मानले जाते आणि त्याची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असते. त्या हिशेबाने देसाई यांच्या रचना २०३५ संपेपर्यंत संरक्षित आहेत. चित्रपट मोकळा झाला, तरी त्यातील संगीत वेगळे काढून विकू पाहणाऱ्यास प्रथम हक्कधारक शोधावा लागेल.

अभ्यासासाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. चित्रपट समोर ठेवून प्रत्येक संगीतखंडाचा आरंभ, शेवट, वाद्ये, स्वर, त्यावर असलेले इतर ध्वनी आणि तो खंड गीताच्या चालीतून निघाला आहे की स्वतंत्र आहे, यांची तपशीलवार नोंद एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात करता येईल. तबकड्यांच्या बाबतीत १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी क्रमांकवार सूची करण्याची जी शिस्त घालून दिली, तीच येथे लागू पडते. नोंद झाली की कोणते खंड संवादमुक्त आहेत हे समजेल, आणि पहिली मुद्रिका त्याच खंडांची, कोणतीही भर न घालता, काढता येईल. संवादाखालचे खंड दुसऱ्या भागात, संवादांसह, जसे आहेत तसे द्यावेत.