मुख्याध्यापक वर्गात कधी जाणार?

लखनौच्या छावणीकडून रायबरेली रस्त्याने संजय गांधी पीजीआय रुग्णालयाकडे निघालं की तेलीबाग लागतं. जुनी वस्ती, तिला चिकटून वाढलेल्या कॉलन्या, फौजी कुटुंबं, रुग्णालयातले कर्मचारी, खेड्यांतून कामासाठी आलेले मजूर, सगळे शेजारी शेजारी. शहराच्या अशा कडेवरच्या सरकारी शाळांत घरी अवधी बोलणारं मूल पुस्तकात प्रमाण हिंदी वाचतं. बाप पोटासाठी मुंबईला आला, की तसंच मूल गोवंडी किंवा धारावीतल्या महापालिकेच्या हिंदी शाळेत बसतं. दोन्हीकडे प्रश्न एकच: वर्गातला प्रत्येक जण कुठे अडलाय, हे शिक्षकाला कळतं का? आणि कळत नसेल, तर त्याला मदत कोण करणार?

मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत शिकवते. पुष्कळदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. जिना एक, मैदान एक, मुख्याध्यापक मात्र वेगवेगळे. सगळ्यांपुढे अडचण सारखीच असते, पण ती एकमेकांना सांगायला वेळ कुणाला आहे? पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, आधार जुळवणी, निवडणुकीची कामं आणि ‘आजच्या आज पाठवा’ असा शेरा असलेलं टपाल. अध्यापनाचं नेतृत्व करायला बसवलेला माणूस प्रत्यक्षात शाळेचा वरिष्ठ लिपिक होतो.

यावर आपला आवडता उपाय म्हणजे प्रशिक्षण. दिल्लीच्या नीपा या संस्थेत 2012 पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठी वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. तास भरतीलही. पण मध्य प्रदेशातल्या एका प्रयोगाचं काय झालं, हे प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावं. तिथे 1,774 शाळांत मूल्यमापन झालं, श्रेणी दिल्या गेल्या, शाळागणिक सुधारणा आराखडे लिहिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी परिणाम तपासला, तर मूल्यमापन जवळजवळ सगळीकडे पूर्ण, आणि शाळेच्या कारभारात किंवा मुलांच्या शिकण्यात फरक शून्य. तरीही कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि देशभर सहा लाखांहून अधिक शाळांत पोचला. कागद पूर्ण झाला की काम झालं, ही आपली जुनी खोड.

याउलट अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात रोलंड फ्रायर यांनी मुख्याध्यापकांना दोन वर्षांत 300 तास शिकवलं. विषय मोजकेच: पाठाचं नियोजन, चाचण्यांवरून पुढचं अध्यापन ठरवणं, वर्गात बसून शिक्षकाला सल्ला देणं. पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी मात्र ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. पण दिशा दिसते.

वर्गात बसणं म्हणजे काय? समजा, चौथीत भागाकार चाललाय. फळ्यावर 312 भागिले 3. ‘समजलं का?’ विचारल्यावर वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. मागच्या बाकावरचा मुख्याध्यापक फळा सोडून वह्या बघतो. तिघांनी उत्तर लिहिलंय 14. मधलं शून्य गळालंय. सुट्टीत तो शिक्षिकेला म्हणतो, ‘बाई, उत्तर काढण्याआधी ते शंभरापेक्षा मोठं येईल की लहान, हे मुलांना विचारून बघा. परवा मी पुन्हा येतो.’ यात शेरेवही नाही, श्रेणी नाही. ‘परवा पुन्हा येतो’ मात्र पाळायला हवं, कारण सल्ल्याचा सगळा जोर त्यातच आहे.

शिक्षकाला शाळेतच मदत देण्याची ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. कोठारी शिक्षण आयोगाचे (1964-66) सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. त्या आयोगाने सुचवलेल्या शाळा संकुलात जवळच्या शाळांनी एकत्र येऊन एकमेकींना सावरावं, अशी अपेक्षा होती. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात जवळच्या शाळांच्या गटासाठी केंद्रप्रमुखाचं पद आलं ते याच धर्तीवर. शैक्षणिक मार्गदर्शन हे त्याचं मुख्य काम. हळूहळू तो वरच्या आणि खालच्या कार्यालयांमधला टपालवाहक झाला. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदांत आदेश वाचून दाखवले जातात आणि एखाद्या मुलाच्या वहीवर चर्चा क्वचितच होते.

शिवाय पदच नसेल तर नेतृत्व कुणाचं घडवायचं? शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीसाठी दीडशेहून अधिक पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. उत्तर प्रदेशात बढत्या रखडल्यामुळे कित्येक शिक्षक वर्षानुवर्षं ‘प्रभारी’ म्हणून शाळा चालवत आले आणि त्या पदाच्या वेतनासाठी त्यांना अलाहाबाद उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. महाराष्ट्रातले प्रभारी हे वाचून फक्त मान डोलावतील.

माझ्या मते नवं प्रशिक्षण काढण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. दर शाळासमूहाला एक लिपिक द्यावा, आणि मुख्याध्यापकाला एका शाळेत निदान तीन वर्षं राहू द्यावं. तोवर मुंबईतल्या अशा एका इमारतीतल्या मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गांत बसावं. याला शासन निर्णयही लागत नाही.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्या सभेत रंगकाम आणि नळाच्या तोट्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: या महिन्यात मुख्याध्यापक किती वर्गांत बसले? शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीतल्या तीन चतुर्थांश जागा पालकांना दिलेल्या आहेत.