मुंबईच्या मंडया : ओटा, पाटी आणि वाटा

मुंबईचा किरकोळ बाजार उजाडण्यापूर्वीच सुरू होतो, आणि तोही दुकानांत नव्हे. ससून डॉकवर बोटींतून मासळीच्या टोपल्या उतरत असतात. वाशीच्या आवारात नाशिक आणि जुन्नर-नारायणगावकडचे ट्रक रिकामे होत असतात. दादर स्टेशनाबाहेर झेंडूच्या गोण्यांची तोंडे सुटतात, आणि विरारहून निघालेल्या पहिल्या गाड्यांच्या मालडब्यांत वसईच्या भाजीवाल्या पाट्या रचून बसलेल्या असतात. लोकांचा सकाळचा चहा होईपर्यंत हा सगळा माल मंडयांच्या ओट्यांवर, गल्ल्यांच्या तोंडाशी आणि स्टेशनांच्या जिन्यांपाशी मांडून झालेला असतो. इतक्या मोठ्या शहराचा नाशवंत माल रोज इतक्या कमी वेळात हाती पोचतो, याचे श्रेय घाऊक पेढ्यांइतकेच, किंबहुना अधिक, शेवटच्या टप्प्यावर बसलेल्या बायकांकडे जाते. मुंबईच्या बाजारांच्या इतिहासात मात्र त्यांना एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळालेली नाही.

या विषयावरचे बहुतेक लेखन इमारतींत अडकले आहे. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये बांधून झाले, शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव त्याला मिळाले, आराखडा विल्यम इमर्सन यांचा आणि दारावरची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची, पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले : एवढे प्रत्येक मार्गदर्शिकेत असते. कमानी आणि कारंजे यांचे कौतुक करणाऱ्या अभ्यासकांनी १९९६ नंतर त्या इमारतीचे काय झाले, हे क्वचितच विचारले. त्या साली घाऊक फळबाजार वाशीला गेला. त्याआधी चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्यांमधून वाट काढत चालावे लागे. देवगड-रत्नागिरीचा माल कोणत्या आडत्याकडे उतरला, याची बातमी तासाभरात गिरगावापर्यंत पोचे. आज तेथे किरकोळ फळे, सुका मेवा, आयात चॉकलेटे आणि प्रसाधने मिळतात. दगड शाबूत आहे, पेठ विरळ झाली आहे. वारसा जपण्याच्या नावाखाली नुसता दगड जपून भागत नाही.

घाऊक पेठांची हकिकत थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. मुळजी जेठा आणि मंगळदास ही कापडाची मार्केटे, झवेरी बाजारातले सोने, लोहार चाळीतले विजेचे सामान, प्रिन्सेस स्ट्रीटवरची औषधे, मटन स्ट्रीटचा चोर बाजार, भुलेश्वरची देवपूजेच्या साहित्याची दुकाने : या सर्वांवर पुरेसे लिहिले गेले आहे, आणि रोजच्या स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध बेताचा. धान्य, कांदा आणि मसाल्यांची कथा वेगळी. मशीद बंदर आणि दाणाबंदरच्या अरुंद गल्ल्यांत भरणारा हा व्यापार कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने वाशीला हलला. आधी कांदा-बटाटा गेला, मग धान्य व मसाले, शेवटी भाजी व फळे. दक्षिण मुंबईची कोंडी फुटली हे खरे. पण पूर्वी भायखळ्याला पायी जाऊन दोन पाट्या माल उचलणाऱ्या भाजीवालीला आता खाडी ओलांडून जावे लागते किंवा टेम्पोत भागी करावी लागते, हा खर्च त्या स्थलांतराच्या हिशेबात कोणी धरला नाही.

घाऊक बाजारातली एक गोष्ट मात्र घाईने ओलांडून जाण्यासारखी नाही. पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ज्याला ठरावीक मालक नाही अशा मजुराला नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि मजुरीची हमी मिळाली. सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतली घरे या मजुरीवर उभी राहिली. बाजारातल्या पुरुष श्रमिकाला जे १९६९ मध्ये मिळाले, त्याच बाजारातल्या विक्रेत्या बाईला तसे काही मिळण्यासाठी पथविक्रेता कायद्याचे २०१४ साल उजाडावे लागले, आणि तेही बहुतांशी कागदावर.

मुंबईच्या बाजाराचा खरा गाभा मासळी बाजार आहे. हे शहर वसण्याआधीपासून कोळीवाडे येथे आहेत, आणि शहर वाढत गेले तशी प्रत्येक पेठेत एक कोळीण जाऊन बसली. कोळी समाजाची कामाची वाटणी ठरलेली : समुद्र पुरुषाचा, बाजार बाईचा. बोट किनाऱ्याला लागली की म्हावऱ्याचा ताबा बाईकडे जातो. लिलावात बोली लावणे, माल निवडणे, बर्फाचा चुरा घालून टोपली भरणे, गिऱ्हाईक सांभाळणे, उधारी वसूल करणे आणि पैसा राखणे हे सारे तीच करते. नवे जाळे घ्यायचे की घर दुरुस्त करायचे, या निर्णयातही तिचा शब्द वजनदार असतो. महापालिकेच्या मंडईतला ओटा अनेक घरांत सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे आलेला आहे, आणि ओट्याबरोबर गिऱ्हाइकांची घरेही वारशाने येतात.

मासळी बाजाराचे पंचांग वेगळे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरची डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला जोर असतो, तेव्हा बोंबील, जवळा, करंदी, मांदेली भरपूर येतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी मंदावते आणि टोपल्या हलक्या होतात. म्हणून जुनी गिऱ्हाइके भाव विचारण्याआधी तिथी पाहत. त्यावर आठवड्याचे दुसरे चक्र असते : बुधवार, शुक्रवार आणि रविवार तेजीचे, सोमवार, गुरुवार आणि शनिवार मंदीचे. आषाढ संपताना एकदा झुंबड उडते आणि श्रावणात ओटे ओस पडतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना समुद्रात जाण्यास बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की बाजार पुन्हा भरू लागतो.

या बाजारात तराजू जवळजवळ नाही. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी शेर-पावशेर जाऊन किलो आला, तरी कोळणीच्या पाटीवर वाटाच राहिला. मांदेली, करंदी, बोंबील, तिसऱ्या यांचे वाटे लागतात, पापलेट नगावर किंवा जोडीवर जाते, सुरमई आणि घोळीचे तुकडे मोलाने ठरतात. वजन न करता विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असे वर्तमानपत्रांतून वारंवार सांगणारी एक जाणकार मंडळी आहे. त्यांनी ओट्यासमोर तासभर उभे राहून पाहिलेले नाही. मासळीचा भाव दर तासाला उतरतो आणि एकाच टोपलीत लहान-मोठा, कालचा-आजचा माल असतो. अशा मालाला एक दर लावला तर चांगला माल स्वस्तात आणि हलका महागात जाईल. वाट्यात विकणारी बाई मोठ्या माशांखाली दोन लहान ठेवते, दुपारी त्याच भावात वाटा वाढवते, ओळखीच्या बाईला वर मूठभर करंदी टाकते. घासाघीस हा या पद्धतीचाच भाग आहे, आणि ज्याला मासळी कळते त्याचे त्यात नुकसान होत नाही. कल्ले उचलून आतला रंग पाहावा, पापलेटाच्या कल्ल्यापाशी दाबून पांढरे पाणी येते का पाहावे, बोंबील हातात घट्ट लागावा. हे शिक्षण पूर्वी घरातली मोठी माणसे पिशवी धरायला नेलेल्या मुलांना ओट्यापाशीच देत. आज पॉलिथिनच्या पाकिटात साफ केलेले तुकडे घरपोच मागवणाऱ्याला अख्खा मासा ओळखता येत नाही.

सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, कोळीण सहसा मोडत नाही. पहिले गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून ती भाव पाडते आणि मिळालेली नोट कपाळाला लावते. गिऱ्हाईक तिला ‘मावशी’ म्हणते, ती त्याला ‘दादा’, बाईला ‘ताय’. पापलेट परवडणार नाही हे चेहऱ्यावरून ओळखून ती स्वतःहून बांगडा पुढे करते. एखादे घर आठ दिवस फिरकले नाही तर कोणी आजारी आहे का, याची ती चौकशी करते.

सुक्या मासळीचा बाजार मात्र आढावा घेणाऱ्यांच्या नजरेतून नेहमी सुटतो. वर्सोवा आणि मढच्या किनाऱ्यावर बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळतात. मरोळच्या घाऊक बाजारात सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या आणि खारवलेला बांगडा यांची उलाढाल होते. आगोटीच्या आधी, मे महिन्यात, कोकणी घरे पावसाळ्याची बेगमी करतात, ती या मालातून. समुद्र बंद असतो त्या दोन महिन्यांत चाकरमान्याच्या जेवणाला चव येते ती सुक्या जवळ्यामुळे. सह्याद्रीपलीकडच्या आठवडी बाजारांतही हा माल मुंबईतून जातो. वासाची तक्रार करून हे बाजार शहराबाहेर घालवण्याची मागणी मधूनमधून होते. तक्रार करणाऱ्यांच्या इमारती बाजारानंतर आल्या, ही साधी गोष्ट सांगावी लागते.

गिरणगावाच्या बाजारांवर गिरण्यांचे वेळापत्रक उमटलेले होते. लालबाग, परळ, करी रोड आणि चिंचपोकळीला पाळी सुटली की भाजीचे ढीग लागत. एका खोलीत दहा-बारा जणांचे बिऱ्हाड चालवणाऱ्या खानावळवाल्या बायका रोज मोठी खरेदी करत आणि पगाराला हिशेब चुकवत. या खानावळवाल्यांना उभे करणारे अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी सुरू केले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबले आणि बाजाराची सगळी घडी मोडली. संपात आणि त्यानंतर कित्येक गिरणी कामगारांच्या घरातल्या बायका भाजीची पाटी घेऊन त्याच रस्त्यांवर बसल्या. तोवर गिऱ्हाईक असलेली बाई विक्रेती झाली.

त्या गिरणगावाची एक खूण लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत टिकून आहे. होळीनंतर तेथे बेडगी, शंकेश्वरी, काश्मिरी आणि लवंगी मिरच्यांच्या राशी लागतात. धने, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, चक्रीफूल, खसखस, हळकुंड हे घरच्या यादीप्रमाणे मोजून घ्यायचे, समोर भाजून घ्यायचे आणि डंकावर कुटून डबा भरायचा. मालवणी, आगरी, घाटी अशी प्रत्येक घराची यादी निराळी, आणि ती कागदावर क्वचित असते. शेजारच्या गल्लीत चिवड्याची दुकाने आहेत. आसपास मनोरे उभे राहिले तरी एप्रिल-मेमध्ये डंकापुढे अजून रांग लागते.

वसईच्या भाजीवाल्यांचा इतिहास रेल्वेशी जोडलेला आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅक बे अशी पहिली उपनगरी गाडी धावली आणि वसईच्या वाड्यांना मुंबईचे स्वयंपाकघर जोडले गेले. केळी, अळू, पालेभाजी, मोगरा आणि चाफा त्या गाडीने येऊ लागला. आजही दादर, पार्ले, बोरिवलीला ठरावीक कोपऱ्यावर ठरावीक वसईवाली बसते, आणि तिच्याकडची मेथी वाशीच्या मेथीहून दुप्पट भावाने जाते, कारण ती त्याच पहाटे काढलेली असते. पावसाळ्यात पालघरकडच्या आदिवासी बायका शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी आणि कंटोळी घेऊन येतात, दसऱ्याला आपट्याची पाने आणि भाताच्या लोंब्या, गणपतीत दूर्वा आणि पत्री. दादरचा फुलबाजार या हातांवरच सणांचा भार पेलतो. दाक्षिणात्य वस्तीमुळे माटुंग्याची मंडई केळीची पाने, गजरे आणि कच्च्या केळ्यांसाठी वेगळी ओळखली जाते.

आजची घसरण याच बायकांच्या वाट्याला आली आहे. पालिकेच्या जुन्या मंडया पुनर्विकासाला काढल्या जातात आणि ओटेवाल्यांना संक्रमण जागेत वर्षानुवर्षे काढावी लागतात. गिऱ्हाईक तेथे पोचत नाही. पलटण रस्त्यावरची छत्रपती शिवाजी महाराज मंडई मोडकळीला आल्यावर तिथल्या मासळी विक्रेत्यांना ऐरोलीची जागा सुचवण्यात आली, तेव्हा कोळणींना रस्त्यावर उतरावे लागले. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दीच्या दृष्टीने निर्णयामागचे कारण समजण्यासारखे आहे, पण लोकलने माल आणणारी वसईवाली पाटी डोक्यावर घेऊन कोठवर जाणार, याची पर्यायी व्यवस्था झाली नाही. समुद्रातही टंचाई आहे. कोवळ्या पिलांसह होणाऱ्या बेसुमार मासेमारीने पापलेट घटत गेला आणि २०२३ मध्ये त्याला राज्यमासा घोषित करून संवर्धनाचे आवाहन करावे लागले. आता दहा मिनिटांत घरी भाजी पोचवणारी ॲप आली आहेत. त्यांत सोय आहे, पण टाकळा नाही, उधारी नाही आणि दुपारी वाढणारा वाटा नाही.

पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची त्यात तरतूद आहे. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. या तरतुदी कागदावरच राहू नयेत म्हणून पालिकेने कोणत्याही मंडईला हात लावण्याआधी तिथल्या प्रत्येक ओट्याची आणि बाहेर बसणाऱ्या प्रत्येक पाटीची नोंद बाईच्या नावाने करावी, नव्या इमारतीत तळमजल्याची रस्त्यालगतची जागा तिला द्यावी, आणि ससून डॉक व विरारच्या पहिल्या गाड्यांशी तिचा संबंध तोडू नये. वाचकांनी आठवड्यातून निदान दोनदा पिशवी घेऊन जवळच्या मंडईत जावे आणि मुलांना बरोबर न्यावे.